उत्तर: गुलाबी पडलेली ३५ मिमी प्रिंट लॅबला देण्याआधी

बाब, तुमच्या पोस्टमधलं ‘लॅबवाले म्हणतात रंग सुधारून, खराब तुकडे काढून, स्वच्छ करून देऊ’ हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. नेमक्या याच वाक्याला आम्ही फसलो होतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात: यांना मडगावच्या एका बंद थिएटरच्या सामानातून ‘स्टार वॉर्स’ची ३५ मिमी प्रिंट मिळाली आहे. सहा रिळं, रंग गुलाबी, डबा उघडला की आंबट वास. त्यातून १९७७ची मूळ आवृत्ती उभी करायची आहे आणि टू के स्कॅन (आडवे सुमारे दोन हजार पिक्सेल) पुरेल की फोर के (सुमारे चार हजार), असं विचारताहेत. पावसाळ्याच्या आत काम उरकायची घाई आहे.

टू के की फोर के हा सगळ्यात शेवटचा प्रश्न. रिळं कशी धरायची, हातमोजे, रिवाइंडर वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडतो.

आमची चूक एवढीच की कागदावर ‘फोर के स्कॅन’ हे दोनच शब्द लिहून रिळं दिली. परत आली ती आठ बिटची, म्हणजे रंगाच्या मोजक्याच पायऱ्यांची फाइल. चौकट चित्रापुरती कापलेली, साऊंडट्रॅक (चित्राशेजारी छापलेली आवाजाची पट्टी) आणि कडेची छिद्रं बाहेर. रंग त्यांच्या मते ‘छान’ केलेला, ग्रेन (फिल्मचा बारीक रवाळपणा) घासून गुळगुळीत. प्रत्येक रिळाची दोन्ही टोकं, जोड आणि सेन्सॉर सर्टिफिकेटचा तुकडा धरून, केराच्या टोपलीत. विचारलं तर ‘सगळ्यांना असंच देतो’. दोन पावसाळ्यांत प्रिंट इतकी आक्रसली की दुसऱ्यांदा स्कॅन करायची सोयच उरली नाही. लॅबचं नाव घेणार नाही, खासगीत विचारूही नका.

हे इतकं महागात का पडतं ते नीट समजून घ्या, म्हणजे लॅबवाल्याशी वाद घालता येईल. त्या काळच्या ईस्टमन (कोडॅकच्या रंगीत) प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यं असतात आणि अंधारात डब्यात पडून राहिली तरी सगळ्यात आधी सायन (निळसर-हिरवं) उडतं. सायन लाल प्रकाश अडवतं. ते गेलं की लाल प्रकाश सगळीकडून जवळजवळ सारखाच पार होतो. काळ्या जागासुद्धा तांबूस दिसतात. म्हणजे लाल चॅनलमध्ये चित्र असतं, पण एका अरुंद पट्टीत दाबलेलं. आठ बिटमध्ये एका चॅनलला २५६ पायऱ्या. त्यातल्या समजा ३० पायऱ्यांत तुमचं लाल चित्र बसलं असेल, तर ते ताणून पूर्ण रुंदीला आणल्यावर आकाशात, धुरात, चेहऱ्यांच्या सावलीत पट्टे उमटणारच. या अंतराळपटात तर अर्धा वेळ काळं आकाश आणि धूसर पांढऱ्या भिंती, पट्टे लपायला जागाच नाही. वर लॅबने आधीच ‘व्हाइट बॅलन्स’ केला असेल तर उजळ भाग कापले गेलेले असतात, आणि गेलेली माहिती कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. उलट १० बिट लॉग (सावल्यांना जास्त पायऱ्या देणारी नोंद) किंवा १६ बिट स्कॅन असेल, आणि स्कॅनरच्या लाल, हिरव्या, निळ्या दिव्यांचं एक्सपोजर वेगवेगळं लावून प्रत्येक चॅनल पूर्ण भरून घेतला असेल, तर गुलाबी प्रिंटमधूनही आश्चर्य वाटेल इतका रंग निघतो. सगळा नाही. सावल्यांतला तांबूसपणा थोडा राहतोच.

(‘टेक्निकलर असेल का?’ या तुमच्या उपप्रश्नाला उत्तर: नाही. रंग छापून केलेली जुनी टेक्निकलर प्रिंट गुलाबी पडत नाही. श्रेयनामावलीत ‘टेक्निकलर’ लिहिलं म्हणजे फक्त लॅबचं नाव कळलं. चाहत्यांनी केलेलं ‘४के७७’ हे १९७७च्या आवृत्तीचं पुनरुज्जीवन एवढं चांगलं दिसतं त्याचं मोठं कारण त्यांना खरीखुरी टेक्निकलर प्रिंट मिळाली हे आहे. तुमच्याकडून त्याच निकालाची अपेक्षा ठेवू नका.)

घाईघाईत केलेली प्रत काय करते याचं जगप्रसिद्ध उदाहरण ‘मेट्रोपोलिस’चं. १९२७च्या या चित्रपटाचा कापून टाकलेला भाग २००८ साली ब्वेनोस आयर्समध्ये सापडला, तो १६ मिमी प्रतीत. मूळ ३५ मिमी प्रिंटवरून ती प्रत काढताना नीट साफसफाई झाली नव्हती, त्यामुळे ओरखडे आणि घाण प्रतीतच छापली गेली. २०१०च्या आवृत्तीत ते तुकडे आजही वेगळे ओळखू येतात. त्याच चित्रपटाच्या आधीच्या जीर्णोद्धारात जर्मन सेन्सॉरची कार्डं कामाला आली, कारण त्यांत मूकपटात मध्ये येणाऱ्या पाट्यांचा मजकूर नोंदलेला होता. सेन्सॉरचा कागद असा कधी काळी चित्रपटाला वाचवतो. म्हणून तुमच्या डब्यातला प्रत्येक कागद जपा, त्यावर झुरळांनी ताव मारलेला असला तरी.

यावरून दुसरा मुद्दा, आणि इथे माझं मत जरा कडक आहे. तुमच्या हातात आहे ती ‘मूळ आवृत्ती’ असेलच असं धरून चालू नका. पहिल्या रिळातली वर सरकणारी पिवळी अक्षरं भिंगाने बघा. ‘एपिसोड फोर’ ही ओळ असेल तर प्रिंट १९८१च्या पुनर्प्रदर्शनाची किंवा नंतरची; नसेल तर त्याआधीची, म्हणजे १९७७च्या आवृत्तीची. मग सर्टिफिकेट. त्यावर त्रिकोणाची खूण असेल तर सेन्सॉरने काट लावलेली आहे, आणि कागदी सर्टिफिकेट सापडलं तर त्याच्या दुसऱ्या भागात काय कापलं ते लिहिलेलं असतं. लांबीही ताडून बघा. ३५ मिमी मिनिटाला ९० फूट धावते. १२१ मिनिटांचे १०,८९० फूट, म्हणजे साधारण ३,३२० मीटर. रिळं मोजून त्यापेक्षा बरीच कमी भरली तर सेन्सॉर, ऑपरेटर आणि वर्षानुवर्षांचे तुटके जोड यांपैकी कुणीतरी घास घेतलेला आहे. मध्यंतराची पाटी तर आपल्याकडे बहुतेक प्रिंटमध्ये मध्येच जोडलेली असते, आणि ती जोडताना दोन-चार फ्रेम हमखास गेलेल्या असतात. ते सगळं स्कॅनमध्ये जसंच्या तसं येऊ द्या. पाटी काढायची की नाही ते नंतर संगणकावर ठरवता येतं.

लॅबला देताना मी आता पुढचा मजकूर छापून, खाली सही घेऊन देतो. तुम्ही उचलून वापरा:

‘फिल्मचा कोणताही तुकडा कापू किंवा टाकू नये, लीडर, सर्टिफिकेट, टोकं, तुटके जोड यांसह पूर्ण स्कॅन. दातेरी चाक नसलेल्या स्कॅनरवरच. दोन्ही बाजूंची छिद्रं, साऊंडट्रॅक आणि वर-खालच्या फ्रेमरेषा दिसतील इतकी मोठी चौकट. १० बिट लॉग डीपीएक्स. रंगदुरुस्ती, ग्रेन कमी करणं, धूळ पुसणं, शार्प करणं, स्थिर करणं यांपैकी काहीही नको. स्कोपचं दाबलेलं चित्र रुंद करू नये. एक्सपोजर प्रत्येक रिळाला एकदाच ठरवावं, मध्ये बदलू नये. प्रत्येक फाइलचा एमडी५ आकडा सोबत द्यावा.’

(लीडर म्हणजे रिळाच्या टोकांची चित्र नसलेली फिल्म, डीपीएक्स म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल, स्कोप म्हणजे आडवं दाबून छापलेलं रुंद चित्र, एमडी५ म्हणजे फाइल बदलली नाही हे ताडायचा आकडा.)

आधी १०० फुटांची चाचणी मागा. मिनिटभराहून थोडं जास्त भरतं. त्यात एक अगदी उजळ आणि एक अगदी काळोखं दृश्य असू दे. हिस्टोग्राममध्ये (उजेड-अंधाराच्या आलेखात) तिन्ही चॅनल दोन्ही टोकांना न चिकटता मध्ये पसरलेले दिसले तरच पुढे जा. चाचणी द्यायला जो कुरकुर करतो, त्याच्याकडून रिळं उचलून आणा.

छिद्रं कशाला हवीत, असं विचारतील. चित्र स्थिर करायला छिद्राइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. आणि साऊंडट्रॅक चित्रात आला की ‘एईओ-लाइट’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या चित्रातूनच आवाज काढता येतो, वेगळं मशीन लागत नाही. ‘आवाज नेटवर चांगला मिळतो, प्रिंटचा कशाला?’ असं तुम्ही लिहिलंय ते पटलं नाही. या चित्रपटाची १९७७ साली तीन वेगळी ध्वनिमिश्रणं होती, ७० मिमीचं, डॉल्बी स्टिरिओचं आणि मोनो, आणि त्यांत फरक आहेत. तुमच्या प्रिंटवर कोणतं आहे हे ऐकल्याशिवाय कळणार नाही. एक ध्यानात ठेवा: ३५ मिमीवर आवाज चित्राच्या २१ फ्रेम पुढे छापलेला असतो. म्हणून जिथे फ्रेम तुटली आहे तिथे चित्र लगेच उडी मारतं, पण आवाज तुटतो सुमारे ०.९ सेकंदानंतर. दोन्ही एकाच जागी जुळवायला जाल तर पुढचं सगळं रीळ सरकेल.

आता आंबट वास. आपल्याकडे विनेगरचा वास म्हटलं की आधी सोरपोतेल (गोव्याचं आंबट-तिखट मटण) आठवतं, पण डब्यातला हा विनेगरी वास म्हणजे अॅसिटेटचा पाया (चित्राचा थर ज्यावर असतो ती प्लॅस्टिकची पट्टी) सडायला लागल्याची खूण. ताजी अॅसिटेट फिल्म २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत साधारण ४० वर्षं टिकते, मग ही प्रक्रिया सुरू होते. गोव्यातल्या थिएटरच्या माळ्यावर २१ अंश कुठून येणार? ए-डी स्ट्रिप नावाच्या निळ्या कागदी पट्ट्या मागवा, प्रत्येक डब्यात एक ठेवून २४ तास बंद करा. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सडणं जोरात चालू आहे, पिवळी झाली तर ते रीळ रांगेत सगळ्यात पुढे. सोबत आक्रसणं मोजा. नव्या प्रिंटवर १०० छिद्रांचं अंतर ४७५ मिमी असतं. ४७० भरलं तर एक टक्का गेली, अशी फिल्म मशीनवर चालवायचा मोह धरू नका. ‘एकदा पडद्यावर बघून घेऊ’ म्हणणारे मित्र भेटतीलच.

आपल्या घरांत बुरशी येऊ नये म्हणून कपाटात छोटा बल्ब लावायची पद्धत आहे. फिल्मला ते करू नका, उष्णतेने सडणं वाढतं. वास येणारी रिळं बाकीच्यांपासून दूर, सैल झाकणाच्या डब्यात. त्यांना सिलिका जेल घालून गच्च बंद केलं तर आम्ल आतच कोंडतं.

एसीच्या खोलीत ठेवणार असाल तर आणखी एक फास. आपल्याकडे पावसाळ्यात दवबिंदू २४-२५ अंशांपर्यंत जातो. २२ अंशांच्या खोलीतून थंडगार रीळ बाहेर आणून झाकण उघडलं की इमल्शनवर (चित्राच्या थरावर) पाणी धरलंच, मग थर एकमेकांना चिकटतात. बाहेर काढायचं झालं तर डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून १२ ते २४ तास तसाच ठेवा, नंतर उघडा. पावसाळ्यात सरळ हातच लावू नका. उघडणं, मोजणं, जोड तपासणं हे डिसेंबर ते फेब्रुवारीचं काम. पण पट्टी पिवळी आली तर हा नियम विसरा आणि आजच कोरड्या खोलीची सोय करा.

साफसफाईबद्दल: फार्मसीत मिळणारं आयसोप्रोपिल बहुधा ७० टक्क्यांचं असतं. उरलेलं ३० टक्के पाणी, आणि बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. पुसायला गेलात तर चित्रच कापडावर येईल. ९९ टक्क्यांचं घ्या, आधी शेवटच्या लीडरवर करून बघा, खिडक्या उघड्या आणि गॅस बंद. मी रसायनवाला नाही, अनुभवाचं सांगतो. शंका आली तर नुसतं कोरडं राहू द्या.

हक्कांचं मात्र वकिलाला विचारा, मी वकील नाही. मला कळतं ते एवढंच की प्रिंट हातात असली म्हणून चित्रपटाचे हक्क येत नाहीत. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं, म्हणजे १९७७चा धरला तर २०३७ संपेपर्यंत. जतन करा, अभ्यास करा. फाइल जगभर वाटत सुटू नका, विकू तर मुळीच नका. काम झाल्यावर खरी रिळं घरी ठेवण्यापेक्षा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला पत्र लिहा. नोव्हेंबरात पणजीला इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जुने चित्रपट दुरुस्त करून दाखवतात, त्या खेळांनंतर थांबलात तर जाणकार भेटतात. विमानाने नेणार असाल तर एक्स-रेला घाबरू नका. डेव्हलप झालेल्या फिल्मला त्याने काही होत नाही.

आणि टू के की फोर के? फोर केची एक डीपीएक्स फ्रेम साधारण ५१ एमबीची. १२१ मिनिटांच्या १,७४,२४० फ्रेम, म्हणजे जवळपास ९ टीबी, आणि दोन प्रती ठेवायच्या तर १८. टू के त्याच्या पाव पटीत होतं. रिलीज प्रिंटमध्ये टू केच्या वर तपशील फारसा नसतो असं म्हणणारे आहेत आणि ते पूर्ण चुकीचे नाहीत. तरी आक्रसत चाललेल्या प्रिंटला मी फोर केच म्हणेन, ग्रेन आणि साऊंडट्रॅक दोन्ही स्वच्छ येतात. जागा कमी पडली तर ‘रॉकुक्ड’ या सॉफ्टवेअरने डीपीएक्स दाबून ठेवा, काही न गमावता परत उलगडता येतं. पण आठ बिटचं फोर के आणि १० बिट लॉगचं टू के यांत निवडायची वेळ आली, तर डोळे झाकून दुसरं घ्या.

सहाही डब्यांतल्या पट्ट्यांचा रंग, १०० छिद्रांचं माप आणि सर्टिफिकेटचा फोटो इथे टाका. मग कोणतं रीळ आधी पाठवायचं ते सांगतो.