वाचकांचे प्रश्न : कंसातलं नाटक

प्रश्न : बी.ए.च्या पहिल्या वर्षाला विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ शिकवायचं आहे. वर्गात ३५ मुलं, हाताशी ८ तास. निम्मी मुलं गावच्या जत्रेत नाटक करतात, पण पुस्तक हातात दिलं की कथानक सांगून मोकळी होतात. सुरुवात कुठून करू?
— एक प्राध्यापिका, फोंडा

उत्तर : जत्रेत उभी राहणारी मुलं वर्गात आहेत ना, मग सुरुवात त्यांच्यापासूनच करा. ‘नक्कल’ म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. नटाच्या हाती दिलेला कागद : त्यात फक्त आपली वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. पहिल्या तासाला पाच पानांचा एकच तुकडा घ्या. चार-पाच गट करा आणि प्रत्येक गटाला एका पात्राची नक्कल उतरवायला सांगा. २० मिनिटं पुरतात. मग पुस्तक मिटून, केवळ नकलेवरून, प्रत्येक गटाला विचारा : इथे काय चाललं आहे? उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरा बोलत असताना आपलं पात्र काय करतंय, कुणी काय ऐकलं, कोण तोंड फिरवून उभं आहे, यातलं काहीच नकलेत उतरत नाही. वर्गाला जे शिकायचं आहे ते नेमकं हेच.

दुसऱ्या तासाला कंसातल्या रंगसूचना. मुलं त्या गाळतात, कारण संवादच पाठ करायची सवय असते. रंगसूचना वाचायला एक वेगळा विद्यार्थी ठेवा आणि त्याला घाई करू देऊ नका. सोबत कोऱ्या कागदावर रंगमंचाचा नकाशा काढून घ्या : दारं किती, कडी कुठे, खुर्च्या कुठे. चित्र चांगलं यायची गरज नाही, पण दार राहून गेलं तर नाटक हातचं गेलं. कारण सुरुवातीलाच शिक्षिका बेणारे आणि गावातला सामंत प्रयोगाच्या हॉलमध्ये येतात तेव्हा दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेंगरतं. वाचणारा हे हसून सोडून देतो. पुढे हौशी नाटकमंडळींनी तिच्यावर चालवलेल्या लुटूपुटूच्या खटल्याची गंमत अंगाशी येऊ लागल्यावर बेणारे निघून जायला दाराशी जाते, तर दार बाहेरून अडकलेलं. आता मुलांना मागचं पान उघडायला लावा. ‘कडी हे प्रतीक आहे’ असं तुम्ही आधी सांगून टाकलंत तर ते वाक्य वहीत उतरेल आणि तिथेच मरेल. दोन्ही जागा त्यांनीच बोट ठेवून शोधायला हव्यात.

तिसऱ्या-चौथ्या तासाला तक्ता. उभ्या बाजूला आठ पात्रं, आडव्या बाजूला दर दोन पानांना एक घर. पात्र बोलत असेल तर फुली, रंगमंचावर असून गप्प असेल तर टिंब, नसेल तर घर रिकामं. दर पानाला घर केलंत तर तक्ता भिंतभर होतो आणि मुलं कंटाळतात. अंकाला एकच घर ठेवलंत तर काही दिसत नाही. तिसऱ्या अंकात बेणारेच्या ओळीत जवळजवळ टिंबंच येतात, आणि मग ते शेवटचं लांबलचक स्वगत. त्या वेळी बाकीचे सगळे थिजलेले असतात. त्यांच्या घरात टिंब काढायचं की घर रिकामं ठेवायचं? हे बोलणं त्यांना ऐकू गेलं का? या एका प्रश्नावर अख्खा तास खर्च झाला तरी चालेल. नवव्या ओळीचा आग्रहही धरा : प्रोफेसर दामले, बेणारेच्या पोटातल्या मुलाचा बाप, जो रंगमंचावर येतच नाही. एकही फुली नाही, टिंबही नाही, आणि खटला मात्र त्यांच्याभोवती फिरतो.

वर्गात मोठ्याने वाचताना हमखास बिघडतं ते असं, की चांगल्या आवाजाच्या दोघांना मुख्य भूमिका मिळतात आणि उरलेला वर्ग मोबाइलमध्ये शिरतो. दर पानाला वाचक बदला. अभिनय करू देऊ नका, सरळ वाचू द्या. जत्रेतली सवय असलेली मुलं पहिल्याच वाक्याला सूर लावतात. एकदा रडवेला सूर लागला की त्या वाक्याचा दुसरा अर्थ कुणाला सुचतच नाही.

लेखक आणि काळ यांची माहिती सहाव्या तासापर्यंत राखून ठेवा. नाटक १९६७ चं, गर्भपाताला ठरावीक अटींवर परवानगी देणारा कायदा १९७१ चा. भ्रूणहत्येचा आरोप ठेवून सुरू झालेलं कोर्ट शेवटी गर्भ नष्ट करण्याचाच निकाल देतं, हे मुलांनी टिपल्यानंतर या तारखांना धार येते. पहिल्याच तासाला सांगितल्या तर ती नुसती टीप होते.

उरलेल्या दोन तासांत लेखन. ‘या प्रवेशात काय घडतं’ असं विचारलंत तर कथानकच येणार. ‘प्रवेश सुरू होताना कुणाची बाजू वरचढ होती, संपताना कुणाची, आणि कुठल्या वाक्यावर ती उलटली’ असं विचारा. १५० शब्द, आणि ते वाक्य पानाच्या क्रमांकासह.

प्रश्न : संगीत नाटक वाचताना पदं गाळली तर काय बिघडतं? चाल माहीत नसली की ती नुसती अडगळ वाटतात.
— एम.ए. मराठीचा विद्यार्थी, डिचोली

उत्तर : गाळू नका, पण सगळ्या पदांना एकच वजनही देऊ नका. पद झाकून त्याच्या आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य सलग वाचा. संवाद न अडखळता पुढे गेला तर पद भावना लांबवण्यासाठी आहे. अडखळला तर काहीतरी पदातच घडलं आहे. ‘एकच प्याला’ घ्या. नाटक गडकऱ्यांचं, पण पदं वि. सी. गुर्जरांची. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. म्हणून ‘कशि या त्यजू पदाला’ वाचताना, सिंधूने गद्यात आधीच काय म्हटलं आहे आणि पदाने त्यात कशाची भर घातली, हे शेजारी-शेजारी मांडून बघता येतं. पदातल्या ओळींवरून ‘गडकऱ्यांची शैली’ ठरवू नका, परीक्षक नेमके तिथेच गुण कापतात.

गोव्यात राहून तुमच्यापुढे तुलनेलाही जिवंत वस्तू आहे. तियात्रात, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकात, दोन पडद्यांच्या (प्रवेशांच्या) मध्ये येणाऱ्या कांतारांचा, म्हणजे गाण्यांचा, कथेशी बहुतेक वेळा संबंध नसतो, आणि प्रेक्षकांना त्यात काही खटकत नाही. गाणं कथेला जोडलेलंच हवं ही अपेक्षा कुठून आली, हा प्रश्न तुमच्या प्रबंधिकेला पुरेल.

प्रश्न : आधी प्रयोग पाहावा की आधी वाचावं?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पहिला अंक वाचा, मग प्रयोग पाहा, मग उरलेले अंक वाचा. आधी प्रयोग पाहिला की त्या नटाचा आवाज डोक्यातून जात नाही. यूट्यूबवरचं चित्रीकरण बघणार असाल तर एक लक्षात ठेवा : कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो, गप्प बसलेला चौकटीबाहेर जातो. गोव्याच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेतला प्रयोग नाट्यगृहात बसून पाहिलात तर तो गप्प बसलेला दिसतो. मागच्या रांगेत बसा, तिथून सगळा मंच एका नजरेत येतो.