उष्णतेने गाठीतील जनुके बदलतात का?

प्रश्न : माझ्या मावशीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आहे. किरणोपचारांच्या जोडीने गाठीला उष्णता देण्याचा पर्याय डॉक्टरांनी सुचवला आहे. उष्णतेने जनुकांवर परिणाम होतो असे वाचल्यामुळे घरचे धास्तावले आहेत. शिवाय, उपयोग होत असेल तर ती रोज का देत नाहीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जनुके बदलत नाहीत, त्यांपैकी कोणती कामाला लागतात हे बदलते, तेही काही काळापुरते. या उपचारात गाठीचे तापमान साधारण तासभर ४० ते ४३ अंश सेल्सिअस राखण्याचा प्रयत्न असतो. तेवढ्याने पेशीतील प्रथिनांच्या घड्या विस्कटू लागतात. एरवी एचएसएफ-१ या प्रथिनाला निष्क्रिय ठेवणारी सहायक प्रथिने ही पडझड सावरण्यात गुंततात, एचएसएफ-१ मोकळे होते, त्याचे तीन रेणू एकत्र येऊन डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि काही मिनिटांतच एचएसपी-७० सारख्या संरक्षक प्रथिनांची जनुके सुरू होतात. (फेरुचिओ रितोसा यांनी १९६२ मध्ये हा प्रतिसाद फळमाशीत नोंदवला, त्याला निमित्त झाले ते उबवणपेटीचे चुकून वाढलेले तापमान.)

रोज उष्णता न देण्याचे कारण हेच. या संरक्षक प्रथिनांमुळे गाठीच्या पेशी पुढचे दोन-तीन दिवस उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा किंवा दोनदाच ती देतात.

मग फायदा कसा होतो? माझ्या मते सर्वांत लक्षणीय परिणाम जनुकावर नव्हे, तर त्यापासून तयार झालेल्या प्रथिनावर होतो. किरणांनी डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते सांधण्याच्या कामात बीआरसीए-२ हे प्रथिन लागते. ४१ ते ४२.५ अंशांना ते नष्ट होते, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. जनुक शाबूत असते, पण काही तास दुरुस्ती अडते. त्यामुळे किरणोपचार आणि उष्णता यांत फार अंतर पडू देत नाहीत.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत गर्भाशयमुखाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ किरणोपचारांनी २७ टक्के, तर उष्णतेच्या जोडीने ५१ टक्के होते. आता किरणांसोबत बहुधा सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषधही देतात, त्यामुळे हे आकडे मावशीला जसेच्या तसे लावू नयेत. दोन उपचारांत किती तासांचे अंतर असेल आणि तापमान कसे मोजणार, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. घरी मात्र गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. ती ऊब गाठीपर्यंत पोहोचत नाही आणि किरणोपचारांनी नाजूक झालेली त्वचा भाजते.