वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणतेस, मग हे वाच

अगं,

तुझा मेसेज वाचला. "दादा, माझी मेमरीच गेलीये, मोबाइलने मेंदू खराब केलाय बहुतेक." काही खराब झालेलं नाहीये. धडा चार-चार वेळा वाचतेस, हायलायटर मारतेस आणि पाचव्यांदा सगळं ओळखीचं वाटलं की पुस्तक मिटतेस, घोळ तिथे आहे. ओळखीचं वाटणं वेगळं, आठवणं वेगळं, आणि वाचताना हा फरक आपला आपल्याला कळतच नाही.

2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो परत परत वाचला, सरासरी 14 वेळा. दुसऱ्या गटाने 3-4 वेळा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते कागदावर लिहायचं, असं तीनदा केलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारेच पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. पण ज्यांची टेस्ट आठवड्याने घेतली त्यांच्यात वाचणारे 40 वर आणि लिहिणारे 61 वर! आणि आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री कोणाला होती, तर त्या 14 वेळा वाचणाऱ्यांना. तुझं अगदी हेच होतंय बघ.

म्हणून एक धडा संपला की पुस्तक बंद कर आणि कोरा कागद घे. सुरुवातीला फार वैताग येईल, हेडिंग आठवेल, आकृती पानावर डावीकडे होती हेपण आठवेल, पण त्यातल्या बाणापुढे काय लिहिलं होतं ते काही केल्या येणार नाही. तिथे लगेच पुस्तक उघडू नकोस, जरा झगड, चुकीचं का होईना पण लिही, आणि मग पुस्तकाशी ताडून लाल पेनने दुरुस्त कर. हे ताडून बघणं मात्र कधीच टाळायचं नाही, नाहीतर चूकच पक्की होते. दोन-तीन दिवसांनी तोच धडा पुन्हा, कोऱ्या कागदावरच.

"मी व्हिज्युअल लर्नर आहे", म्हणजे मला चित्रं बघूनच शिकता येतं, वगैरे सोडून दे. 2008 मध्ये पाश्लर आणि सहकाऱ्यांनी त्यामागचे पुरावे तपासले, शिकवण्याची पद्धत त्यावर ठरवावी इतकं काही सापडलं नाही. मोबाइल अभ्यासाच्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेव, बास.

झोपेबाबत मात्र मी अजिबात ऐकणार नाही. 1994 मध्येच विल्सन आणि मॅकनॉटन यांना उंदरांमध्ये दिसलं होतं की जागेपणी फिरताना हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागातल्या ज्या पेशी एकत्र सक्रिय झाल्या, त्याच नंतर गाढ झोपेत पुन्हा एकत्र सक्रिय होतात. म्हणजे दिवसाचं काम रात्री चालूच असतं, आणि तू नेमकी तीच रात्र जागून काढतेस.

आणि तो 2025 चा उंदराच्या मेंदूचा नकाशा बघ एकदा. वाळूच्या कणाएवढा, एक घन मिलिमीटरचा तुकडा, त्यात सुमारे 2 लाख पेशी आणि 52 कोटींवर जोडण्या! शिकताना अशाच जोडण्या घट्ट-सैल होत असतात, एका रात्रीत ते उरकत नाही गं, म्हणून थोडं-थोडं रोज कर.

आज एकच धडा घे. कागदाचा फोटो पाठव मला, लाल खुणांसकट.

तुझा दादा