हेड गॅस्केट पुन्हा गेले, वॉरंटी नाकारली
वाचकांचे प्रश्न : मोटार आणि ग्राहकहक्क

प्रश्न : माझी डिझेल मोटार २ वर्षे ४ महिन्यांची असून ४१,००० किलोमीटर चालली आहे. वॉरंटी ३ वर्षांची आहे. कूलंट कमी होऊ लागले म्हणून पुण्यातल्या अधिकृत डीलरकडे दाखवली. त्यांनी हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा सिलिंडरचा भाग म्हणजे ब्लॉक, यांच्यामधले सील) बदलले आणि ‘कूलंट कमी असताना गाडी चालवली’ असे सांगून ३८,५०० रुपये घेतले. १,७०० किलोमीटरनंतर तीच तक्रार पुन्हा सुरू झाली. आता म्हणतात, हेड बेंड आहे, नवे लागेल, खर्च १,६२,००० रुपये. ३०,००० किलोमीटरची सर्व्हिस १,४०० किलोमीटर उशिरा केली, हे वॉरंटी नाकारण्याचे दुसरे कारण दिले आहे. गाडी त्यांच्याच वर्कशॉपमध्ये उभी आहे. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : इंजिन उघडण्याची परवानगी आज देऊ नका. तुमचा सगळा पुरावा त्या इंजिनातच आहे आणि हेड उतरले की तो कायमचा बदलतो. डीलरला ईमेलने कळवा : ‘माझ्या लेखी संमतीशिवाय आणि माझ्या किंवा माझ्या प्रतिनिधीच्या हजेरीशिवाय इंजिन उघडू नये, बॅटरी काढू नये, स्कॅनरवर दिसणारे दोषांचे कोड पुसू नयेत.’ ईमेलची प्रत उत्पादक कंपनीच्या ग्राहक विभागालाही पाठवा.

तुमचे भांडण एक नाही, दोन आहेत. पहिली दुरुस्ती चुकीची झाली, ही डीलरच्या सेवेतील त्रुटी. वॉरंटी नाकारली, हा कंपनीशी वाद. दोन्हींचा पुरावा वेगळा लागतो.

पहिल्या दुरुस्तीपासून सुरुवात करू. हेड गॅस्केट आपणहून क्वचितच जाते. इंजिन तापून ॲल्युमिनियमचे हेड वाकते, किंवा बोल्टचा ताण सुटतो, म्हणून ते जाते. त्यामुळे गॅस्केट बदलताना हेडवर स्ट्रेटएज (सरळ पट्टी) ठेवून फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) सहा दिशांनी माप घ्यावे लागते : लांबीत दोन, रुंदीत दोन आणि दोन तिरके. बऱ्याच इंजिनांत वाकण्याची मर्यादा मिलिमीटरच्या काही शतांश भागांचीच असते. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, तो लेखी मागा. हेड मर्यादेबाहेर असेल तर नवे गॅस्केट टाकून उपयोग नसतो, ते काही आठवड्यांत पुन्हा गळते. तुमच्याकडे नेमके हेच घडलेले दिसते. पहिल्या वेळी हेड मोजले होते का, हाच कळीचा प्रश्न आहे. मोजले असेल तर आकडे जॉब कार्डवर किंवा तपासणीच्या कागदावर असायला हवेत.

दुसरी जागा म्हणजे बिल. ते ओळीओळीने वाचा. आजच्या बहुतेक डिझेल इंजिनांत हेडचे बोल्ट ठरावीक टॉर्क (पिळण्याचा जोर) लावल्यावर आणखी काही अंश फिरवून ताणले जातात. असे बोल्ट अनेक कंपन्या पुन्हा वापरू देत नाहीत, काही जण लांबी मोजून मर्यादेत असतील तरच वापरू देतात. बिलात नवे बोल्ट नसतील तर विचारा : मॅन्युअल काय सांगते आणि जुन्यांची लांबी मोजली होती का? तिसरी गोष्ट गॅस्केटची जाडी. अनेक डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून दोन-तीन जाडींपैकी एक निवडतात. जाडीची खूण कडेवरच्या खाचांनी किंवा छिद्रांनी ओळखता येते. बिलावरचा पार्ट नंबर आणि काढलेल्या गॅस्केटवरची खूण जुळते का, ते पाहा. पैसे देऊन केलेल्या दुरुस्तीतले जुने भाग तुमचे असतात, ते मागून घ्या. वॉरंटीत बदललेले भाग बहुधा कंपनीकडे परत जातात, तेव्हा त्यांचे फोटो तिथेच काढून ठेवा.

मुळात कूलंट कुठून गळत होते, याचे उत्तरही त्यांनी दिलेले दिसत नाही. रेडिएटर, होज पाइप, वॉटर पंप, ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) यांची प्रेशर टेस्ट न करता गॅस्केट बदलले असेल तर मूळ दोष तसाच राहिला.

आता वॉरंटी. सर्व्हिसला १,४०० किलोमीटर उशीर झाला, हे खरे. पण ऑइल बदलायला झालेल्या एवढ्या उशिराने हेड गॅस्केट कसे गेले, याचा तांत्रिक दुवा त्यांनी लेखी दाखवावा, अशी मागणी करा. त्या सर्व्हिसमध्ये कूलंट बदलायचे होते का, तेही देखभालीच्या तक्त्यात पाहा. नसेल तर हा मुद्दा फार टिकत नाही. ‘वॉरंटी पुस्तिकेतले कोणते कलम लावले?’ हे विचाराच, तोंडी नकार कधीही मान्य करू नका.

कूलंट कमी असताना गाडी चालवल्याचा आरोप जास्त गंभीर आहे. त्यासाठी ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) स्कॅन रिपोर्ट छापून मागा. पी ०२१७ हा इंजिन अतितापल्याचा कोड आहे. कोड नोंदला गेला त्या क्षणाचे तापमान, आरपीएम आणि वेग फ्रीज फ्रेममध्ये, म्हणजे त्या क्षणाच्या नोंदीत, राहतात. चेक इंजिनचा दिवा लागल्यावर गाडी किती चालली, हेही अनेक स्कॅनर दाखवतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा : कूलंट पूर्ण उतरले तर सेन्सर कोरडा पडतो आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागी दिसू शकतो. म्हणजे चालकाला इशारा मिळालाच नाही, असेही होते. मात्र लाल दिवा लागल्यावरही गाडी दूरवर नेली असेल तर वॉरंटीची बाजू कमकुवत आहे. मग सारा भर चुकीच्या दुरुस्तीवर ठेवा.

संयुक्त तपासणीसाठी परवानाधारक मोटार सर्व्हेयर किंवा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ऑटोमोबाइल विभागातील तज्ज्ञ आणा. कूलिंग प्रेशर टेस्ट, एक्स्पान्शन टाकीवर दहनवायूची टेस्ट, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि लीक-डाउन (तो दाब कुठून निसटतो), या क्रमाने जा. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या, त्यात कूलंटमधले ग्लायकोल सापडले तर कूलंट मिसळल्याचे सिद्ध होते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणजे गॅस्केट गेले, असे मात्र समजू नका. थंडीत छोट्या फेऱ्यांनी वाफ साचूनही ती येते, म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजण्याची सळई) पाहा.

गाडी लगेच हवीच असेल तर? दुरुस्तीची मजुरी थकली असताना गाडी अडवून ठेवण्याचा हक्क वर्कशॉपला भारतीय करार कायद्याच्या कलम १७० ने मिळतो. त्यामुळे पैसे द्यावे लागले तर ‘हक्क राखून, निषेधासह भरणा’ असे बिलावर लिहूनच द्या आणि काम समाधानकारक झाल्याच्या पत्रावर आक्षेप न लिहिता सही करू नका.

यानंतर डीलर आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने, पोहोच मागवून नोटीस द्या आणि १५ दिवसांची मुदत ठेवा. २०२१ मध्ये गोव्यातल्या एका मोटार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डीलरच्या चुकीला उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही. म्हणून कंपनीचा वेगळा दोष, म्हणजे वॉरंटी नाकारणे, ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीत स्वतंत्रपणे मांडा. नवी मोटार मागू नका. दोष भाग बदलून दूर होत असेल तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच घेतली आहे. विनाखर्च दुरुस्ती, ३८,५०० रुपयांचा परतावा, टोइंग आणि पर्यायी वाहनाचा खर्च अशा मागण्या ठेवा, सोबत पावत्या जोडा.

प्रश्न : तक्रार पुण्यात करावी की साताऱ्यात? वकील लागतो का? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला आहे.

उत्तर : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे साताऱ्यात, तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. फी वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही दिलेल्या किमतीवर ठरते : ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख आहे.

मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे. १९१५ वरची तक्रार किंवा नोटीस यांनी ही मुदत थांबत नाही. अनेक खरी प्रकरणे कंपनीच्या उत्तराची वाट पाहण्यातच बुडतात.

याच कायद्याच्या कलम ३८ खाली भाग प्रयोगशाळेत तपासण्याची मागणी अर्जासोबतच करा. त्याचे शुल्क आधी तुम्हाला भरावे लागू शकते आणि अहवालाची मुदत साधारण ४५ दिवस आहे. व्हॉट्सॲप आणि ईमेलच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा. गाडी टॅक्सी म्हणून चालत असेल तर ती स्वतःच्या रोजगारासाठीच असल्याचे तक्रारीत लिहा, नाहीतर ‘व्यावसायिक वापर’ हाच पहिला आक्षेप येईल.

प्रश्न : वॉरंटीत इंजिनाचा ब्लॉक बदलून दिला. काही करावे लागते का?

उत्तर : हो. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. नवा नंबर आरटीओत आरसीवर नोंदवून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. त्यासाठी डीलरकडून जुना आणि नवा नंबर लिहिलेले पत्र आणि ब्लॉकचे बिल गाडी ताब्यात घेण्याआधीच मागा.