फुकटच्या चिप्सवर शिकलेला पोकर आणि १,८०,००० रुपयांची मुदत ठेव

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहान यंत्रमाग कारखाना आहे. मी २९ वर्षांचा असून तिथले हिशेब पाहतो. गेले आठ महिने रोज रात्री मोबाइलवर खोट्या चिप्सचा (रुपयांऐवजी नुसत्या टोकनांचा) पोकर हा पत्त्यांचा खेळ खेळतो आहे. १०,००० चिप्सपासून सुरुवात केली, आज दोन कोटी चिप्स आहेत. मधूनमधून चिप्सचे पॅक विकत घेतले, त्यात एकूण ११,४०० रुपये गेले. मित्र म्हणतो की सराव पुरेसा झाला, आता २५,००० रुपयांचा ऑनलाइन कोर्स कर आणि १,५०,००० रुपये घेऊन परदेशी साइटवर उतर. पुढच्या महिन्यात माझी १,८०,००० रुपयांची मुदत ठेव सुटते आहे. घरखर्च महिना २६,००० रुपये आहे, वडील ५८ वर्षांचे आहेत, व्यापाऱ्यांकडून उधारी दोन-तीन महिन्यांनी येते. फुकटच्या खेळाने माणूस तयार होतो का, आणि हे पैसे त्यासाठी काढावेत का?

उत्तर:

आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला शिकण्याचा आहे आणि त्याचे उत्तर ‘काही अंशी होय’ असे आहे. दुसरा ठेवीचा आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पहिल्या उत्तरातला होकार कितीही मोठा धरला, तरी दुसऱ्यातला नकार त्याने कमी होत नाही. हे मी सुरुवातीलाच लिहितो, कारण आपण ठेव सुटण्याच्या तारखेची वाट पाहत आहात असे पत्रावरून जाणवते.

फुकटच्या खेळातून जे मिळते ते नाकारण्याचे कारण नाही. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात, मधे सर्वांसाठी पाच पाने उघडली जातात आणि त्या सातांतून उत्तम पाच पानांचा हात जुळवायचा असतो. कोणता हात कोणत्या हातापेक्षा वरचढ, बोली लावण्याच्या चार फेऱ्या कशा चालतात, शेवटी बोलणाऱ्याला आधी बोलणाऱ्यापेक्षा फायदा का असतो, या गोष्टी वाचून डोक्यात बसत नाहीत, त्या खेळूनच बसतात. त्यासाठी एक रुपयाही न लावता खेळणे हाच योग्य मार्ग आहे. मात्र हे शिक्षण पंधरा दिवसांत, फार तर महिन्याभरात पूर्ण होते. उरलेले सात महिने आपण काय शिकलात, हा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते त्यातला बराच भाग चुकीच्या सवयींचा आहे.

याचे कारण साधे आहे. ज्या चिप्सची किंमत शून्य आहे, त्या घालवायला कोणीच कचरत नाही. फुकटच्या टेबलावर पहिल्याच डावात दोघे-तिघे ऑल-इन जातात, म्हणजे जवळच्या सगळ्या चिप्स एकदम लावतात, हातात काहीही नसताना पाच-पाच जण शेवटपर्यंत थांबतात आणि चिप्स संपल्या की काही तासांत नव्या मिळतात. अशा टेबलावर चांगल्या पानांचे मोलसुद्धा बदलते. दोन एक्के हा सुरुवातीचा सर्वांत चांगला हात. तो सरासरी २२१ डावांत एकदा येतो. कोणत्याही पानांवर खेळणारा एकच प्रतिस्पर्धी समोर असेल, तर हा हात सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतो. असे पाच जण शेवटपर्यंत थांबले, तर जिंकण्याचे प्रमाण ४९ टक्क्यांवर येते, म्हणजे निम्म्याहून कमी. फुकटच्या टेबलावर आपली गाठ या पाच जणांच्या गर्दीशी पडते. तिथे ब्लफ करून, म्हणजे हातात काही नसताना मोठी बोली लावून उपयोग नसतो, कारण कोणी पाने टाकून डाव सोडतच नाही. आणि समोरच्याने मोठी बोली लावली तरी घाबरण्याचे कारण नसते, कारण तो काहीही नसताना बोली लावतो. आठ महिने हेच पाहिलेला माणूस खऱ्या पैशांच्या टेबलावर जातो, तेव्हा समोरच्याची मोठी बोली तो थाप समजतो आणि ती बहुधा थाप नसते.

आपण हिशेब पाहता, म्हणून एक उदाहरण आकड्यांत मांडतो. आपल्या हातात दोन बदाम आहेत, टेबलावर आणखी दोन बदाम उघडले आहेत आणि शेवटचे एकच पान उघडायचे बाकी आहे. न दिसलेल्या ४६ पानांपैकी ९ बदाम आहेत, म्हणून पाचवा बदाम येऊन एकाच चिन्हाच्या पाच पानांचा मजबूत हात जुळण्याची शक्यता १९.६ टक्के. पॉटमध्ये, म्हणजे त्या डावात जमलेल्या रकमेत, ४०० रुपये होते, समोरच्याने २०० लावले. आता आपण २०० भरून ६०० मिळवण्याचा प्रयत्न करणार. हा व्यवहार बरोबरीत सुटायला २५ टक्के शक्यता हवी; आपल्याकडे १९.६ आहे. असा निर्णय शंभर वेळा घेतला, तर सरासरीने प्रत्येक वेळी सुमारे ४३ रुपये जातात. अधूनमधून बदाम येतोही, आणि तो आलेला डाव लक्षात राहतो. खोट्या चिप्सवर खेळताना हे ४३ रुपये कुठेच नोंदले जात नाहीत, त्यामुळे ही चूक आहे हे कळायलाच वाव नसतो. सुताचा दर किलोमागे दोन रुपयांनी चढला तर टॉवेलमागे काय उरेल, हे आपण कारखान्यात बसून काढत असाल. कारण तिथे चुकल्याची झळ त्याच महिन्यात बसते.

आता दोन कोटी चिप्सकडे वळू. या आकड्याने आपल्याला आत्मविश्वास दिला आहे, म्हणून त्याची कसून तपासणी केली पाहिजे. त्यातल्या किती चिप्स रोज फुकट मिळाल्या, किती ११,४०० रुपयांना विकत घेतल्या आणि किती खेळून जिंकल्या, हे आपल्याला वेगळे काढता येईल का? मला शंका आहे. कारखान्याच्या खातेवहीत भांडवल, कर्ज आणि नफा एकाच रकान्यात लिहिलेले आपण चालवून घेणार नाही. चिप्सच्या हिशेबात नेमके तेच झाले आहे. शिवाय एका सोप्या टेबलावर सतत जिंकणे हा अवघड टेबलावर टिकण्याचा पुरावा मानता येत नाही.

पैसे लावून खेळताना आणखी एक गोष्ट असते, जी फुकटच्या खेळात जाणवत नाही. टेबल चालवणारा प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा कापतो, त्याला रेक म्हणतात. समजा सहा जण प्रत्येकी २,००० रुपये घेऊन बसले, सरासरी पॉट ५०० रुपयांचा झाला, त्यावर ५ टक्के कापले आणि तासाला ६० डाव झाले. म्हणजे तासाला १,५०० रुपये टेबलाबाहेर गेले. टेबलावर एकूण १२,००० रुपये होते. नवी भर पडली नाही, तर आठ तासांत ते सगळे चालवणाऱ्याकडे पोचतील. भिशीत कोणाचा नंबर आधी लागतो, कोणाचा नंतर, पण भरलेले पैसे सभासदांमध्येच फिरतात. इथे तसे होत नाही. म्हणून पोकरमध्ये इतरांपेक्षा थोडे बरे खेळून भागत नाही. रेक भरूनही उरेल इतके बरे खेळावे लागते, आणि असे खेळाडू मोजके असतात.

आपल्या मित्राने बहुधा ख्रिस मनीमेकरचे उदाहरण दिले असेल, कारण ते सर्वत्र दिले जाते. अमेरिकेतला हा लेखापाल २००३ साली ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. हे खरे आहे. त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते हेही खरे आहे, आणि बाकीच्या ८३८ जणांपैकी कोणाचे नाव आपण ऐकले आहे, याचा विचार करावा. त्यानंतरचा काळही बदलला आहे. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी तयार केलेल्या प्लुरिबस या संगणक प्रणालीने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवले. परदेशी साइटवर रात्री एक वाजता समोर माणूस बसला आहे की प्रणाली, हे आपल्याला ओळखता येणार नाही.

कायद्याचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो नसता तरीही माझा सल्ला हाच राहिला असता. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवणे, त्याची जाहिरात करणे आणि त्यासाठी पैशांची देवघेव करून देणे, या सर्वांना त्यात मनाई आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसता खेळणारा शिक्षेस पात्र नाही, आणि मित्राचा भर यावरच असणार. परंतु शिक्षा नाही याचा अर्थ संरक्षण आहे असा होत नाही. परदेशी साइटने जिंकलेली रक्कम अडवली, तर आपण दाद कोणाकडे मागणार? १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या सरकारने तिथे चालणाऱ्या तीन मोठ्या पोकर साइटवर कारवाई केली, तेव्हा त्यांपैकी एका साइटकडे खेळाडूंचे पैसे द्यायला पुरेशी रक्कमच नव्हती. अमेरिकेतल्या खेळाडूंना पहिली परतफेड २०१४ मध्ये मिळू लागली. त्यांच्यामागे त्यांचे सरकार होते. आपल्यामागे कोण असेल?

कराचे थोडक्यात सांगतो. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ३० टक्के दराने कर आहे आणि उपकर धरून तो ३१.२ टक्के होतो. आपले उत्पन्न कमी असले तरी हा दर कमी होत नाही. वर्षअखेर तोटा राहिला, तर तो कारखान्याच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. पैसे पाठवायला मित्राने क्रिप्टोचा मार्ग सुचवला असेल, तर त्या व्यवहारातल्या नफ्यावरचा ३० टक्के कर आणि विक्रीवरची १ टक्का कपात वेगळी.

आता ठेवीकडे येतो. १,८०,००० रुपयांतून १,५०,००० खेळासाठी आणि २५,००० कोर्ससाठी गेले, तर घरात ५,००० रुपये उरतात. आज ही ठेव आपल्या घराचा जवळपास सात महिन्यांचा खर्च आहे. ज्या घराचे उत्पन्न उधारीवर अवलंबून असते, त्याला ही गंगाजळी नोकरदाराच्या घरापेक्षा जास्त लागते. दोन व्यापाऱ्यांनी पैसे थकवले, सूत महागले आणि त्याच महिन्यात माग बंद पडला, असे सोलापुरात अनेक कारखानदारांच्या वाट्याला आलेले मी पाहिले आहे. अशा वेळी ज्यांच्याकडे सुटी रक्कम नव्हती, त्यांनी घरातले सोने गहाण ठेवले, आणि काहींचे ते पुन्हा सुटले नाही. आपल्यावर ती वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

११,४०० रुपयांचा उल्लेख आपण एका ओळीत केला आहे, पण मी त्यावर थांबलो. १,८०,००० रुपयांच्या ठेवीवर ६.५ टक्के व्याज धरले, तर वर्षाला ११,७०० रुपये येतात. म्हणजे ठेवीने वर्षभरात जे कमावले असते, ते जवळपास सगळे आठ महिन्यांत फुकटच्या खेळाने घेतले. या खेळांची कमाईच त्यावर चालते: रात्री चिप्स संपतात, सकाळपर्यंत थांबवत नाही आणि ९९ रुपयांचे बटण समोर असते. विकत घेतलेल्या त्या चिप्स परत रुपयांत बदलून मिळत नाहीत.

खेळ सोडाच, असे मी म्हणणार नाही. पोकर हा विचार करायला लावणारा खेळ आहे आणि पैसे न लावता तो खेळण्यात गैर काही नाही. खरोखर सुधारायचे असेल, तर नेहमीच्या टेबलाऐवजी खोट्या चिप्सच्या स्पर्धा खेळा. त्यांत चिप्स संपल्या की माणूस बाहेर पडतो, त्यामुळे प्रत्येक चिपला थोडी तरी किंमत येते. रोज तीनच डाव वहीत लिहा: पॉट किती होता, किती भरायचे होते, जिंकण्याची शक्यता किती होती, काय केले. दोन महिन्यांत ही वही आपल्याला दोन कोटी चिप्सपेक्षा जास्त खरे सांगेल. कोर्स घेऊ नका. शक्यतेचे गणित आपण वर पाहिलेल्या बेरीज-भागाकारापलीकडे फारसे जात नाही, आणि जिथे कमाईचा मार्गच बंद आहे तिथे त्याचे शिक्षण २५,००० रुपयांना घेण्यात अर्थ नाही. मोबाइलच्या ॲप स्टोअरमध्ये जोडलेले यूपीआय आणि कार्ड आजच काढून टाका. ते काढल्यावर चैन पडत नाही, झोप मोडते किंवा घरी लपवावेसे वाटते असे झाले, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर बोला. त्यात कमीपणा नाही.

ठेव सुटण्याच्या आठवडाभर आधी बँकेत जाऊन लेखी सूचना द्या. १,२०,००० रुपये एक वर्षासाठी पुन्हा ठेवा, पण एकाऐवजी ४०,००० च्या तीन पावत्या करा, म्हणजे गरज पडल्यास एकच मोडता येईल. ६०,००० रुपये बचत खात्यात राहू द्या. उधारी लांबली तर दोन महिने निघतील. बँक सहकारी असली, तरी ठेव विम्याखाली प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते, आपली रक्कम त्याच्या आत आहे. चिप्सवर महिन्याला सरासरी १,४०० रुपये जात होते, ते वडिलांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्याकडे वळवा. साठी ओलांडल्यावर हप्ता वाढतो आणि आधीच्या आजारांसाठी कोणत्याही वयात प्रतीक्षा काळ लागतो, म्हणून हे याच वर्षी व्हायला हवे. त्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा दुसरा काही त्रास आहे का, आणि आईचे वय किती, हे मला कळवा. त्यावरून विमा किती रकमेचा घ्यावा ते मी लिहीन.