आजारी पीसी ओसरीवर

प्रश्न: निवृत्तीनंतर विरंगुळा म्हणून ओळखीपाळखीच्यांचे कॉम्प्युटर घरीच दुरुस्त करतो. व्हायरसवालं मशीन घरच्या नेटपासून वेगळं राहावं म्हणून इंटरनेट कंपनीच्या डब्याला एक जुना राउटर जोडलाय आणि आजारी मशीन त्या राउटरवर लावतो. मुलगी म्हणते, हे उलटं आहे. खरं का? (रामबाग, इंदूर)

उत्तर: मुलगी बरोबर आहे, काका. तुम्ही रोग्याला थेट माजघरात नेऊन बसवलंय. जुना वाडा आठवा. माजघरातला माणूस केव्हाही उठून ओसरीवर येतो. ओसरीवर बसलेल्याला आतून बोलावल्याशिवाय आत जाता येत नाही. एकामागे एक लावलेल्या राउटरांचं असंच असतं. मागच्या राउटरवरचं मशीन पुढच्याच्या जाळ्यात सहज डोकावतं, पुढचं मागे जाऊ शकत नाही. म्हणजे आज तुमच्या आजारी मशीनला प्रिंटरपासून मुलीच्या लॅपटॉपपर्यंत सगळं मोकळं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस असाच फिरला, फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या भोकातून. एका मशीनवरून दुसऱ्यावर जाताना कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने ते भोक मार्चमध्येच बुजवलं होतं. ज्यांनी अपडेट ‘नंतर बघू’ म्हणत टाळलं, ते सापडले.

तेव्हा अदलाबदल करा. घरचे सगळे दुसऱ्या राउटरवर, आजारी मशीन केबलने पहिल्या डब्यावर. पहिल्या डब्याकडून येणारी तार दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्येच (बाहेरून येणाऱ्या नेटच्या खाचेतच) हवी. चुकून लॅनमध्ये (घरच्या मशीनच्या खाचेत) खोचली तर मधली भिंतच नाहीशी होते आणि नेट मात्र छान चालत राहतं, म्हणून कळतही नाही. पहिल्या डब्याचं वायफाय बंद करा, नाहीतर घरचे फोन सवयीने जुन्या नावालाच जाऊन चिकटतील. डब्याचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्डही बदला, कारण तो डबा आता रोग्याच्या हाताशी आहे. दोन्हींचे आयपी पत्त्याचे आकडे वेगळे हवेत: एक १९२.१६८.१ चा, दुसरा १९२.१६८.२ चा. मग एखादं निरोगी मशीन बाहेर लावून तिथून घरातल्या प्रिंटरला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारा. उत्तर आलं तर तार तपासा. आणखी एक जुना राउटर पडून असेल तर सोन्याहून पिवळं: दोन्ही पहिल्या डब्याला जोडा, एकामागे घर, दुसऱ्यामागे रोगी, दोघांना एकमेकांचं तोंडही दिसत नाही.

प्रश्न: एवढा खटाटोप कशाला? गेस्ट वायफाय पुरत नाही का? (लोकमान्य नगर)

उत्तर: लॅपटॉपला बहुधा पुरतं. फक्त राउटरच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांना घरचं नेटवर्क दिसू देण्याची खूण काढलेली असावी आणि एपी आयसोलेशन (वायफायवरच्या मशीनना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सोय) चालू असावं. पण वायफाय नसलेला डेस्कटॉप तारेने लावलात की तो साध्या राउटरवर घरच्याच जाळ्यात येतो. तिथे गेस्ट कामाचं नाही.

प्रश्न: मित्राच्या पीसीची नेटची तार काढूनच काम केलं, तरी माझ्या लॅपटॉपला लागण झाली. कशी? (विजय नगर)

उत्तर: भिया, पेनड्राइव्ह कुणाची होती? तुझीच ना? २००८ च्या कॉन्फिकर व्हायरसने पेनड्राइव्हवरूनही मशीनं पछाडली. पुढे मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्ह लावताच आतला प्रोग्राम आपोआप चालू होणं बंद केलं, म्हणून आता तुझ्याच हाताने क्लिक करवून घेतात. माझंही एकदा असंच हसं झालं होतं. पेनड्राइव्ह उघडली, तर आत एकच ड्राइव्हचं चित्र, कोपऱ्यात बारीकसा वाकडा बाण. तो बाण म्हणजे शॉर्टकट. खऱ्या फाइली मागे लपवलेल्या होत्या. घाईत डबल-क्लिक केलं आणि संध्याकाळ स्वतःचंच मशीन पुसण्यात गेली.

आता मी आजारी मशीनची विंडोज उठूच देत नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) चालू करतो, फोटो-कागदपत्रं रिकाम्या डिस्कवर काढतो, .exe (प्रोग्राम) आणि .lnk (शॉर्टकट) तिथेच सोडतो. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) असेल तर मालकाकडून ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधीच मागून घे. लिहिणं बंद करायचं खरं बटण असलेली पेनड्राइव्ह मिळाली तर घेऊन ठेव. एसडी कार्डाच्या कडेच्या त्या लॉकच्या खिट्टीवर भरवसा ठेवू नकोस. ती मानायची की नाही हे कार्ड रीडर ठरवतो.

प्रश्न: व्हायरस सापडल्यावर लगेच त्याच मशीनवर बसून सगळे पासवर्ड बदलले. ठीक केलं ना? (सुदामा नगर)

उत्तर: नाही, ताई. मशीन साफ झालेलं नसेल तर नवे पासवर्डही जुन्यांच्याच मागे चोराकडे गेले. निरोगी फोनवरून परत बदला: आधी ईमेल, मग बँक. ईमेलमध्ये ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ दाबा, कारण ब्राउझरमधलं चालू लॉगिन चोरलं गेलं असेल तर पासवर्डची गरजच पडत नाही. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर दुरुस्ती राहू द्या, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.