नायट्रो ट्रक वाळूत नेताय? आधी फिल्टर बघा

दिवाळी झाली की नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर रिमोटवर चालणाऱ्या छोट्या नायट्रो गाड्या घेऊन जायचे बेत सुरू होतात आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न : नायट्रो फ्युएल परवडत नाही, थोडं पेट्रोल मिसळलं तर चालेल का?

नाही. हे ग्लो इंजिन आहे, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या ग्लो प्लगने पेटणारं, त्याला मिथेनॉलचं नायट्रो फ्युएलच लागतं.

प्रश्न : दुकानदार म्हणतो कंपनीचा फिल्टर वाळूला पुरतो, मित्र म्हणतो वरून पायमोजा चढव. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको. या इंजिनात पितळी स्लीव्हला (पिस्टन वर-खाली होतो ती नळी) आतून क्रोमचा पातळ थर असतो आणि त्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन रिंगशिवाय घट्ट बसतो, कॉम्प्रेशन सगळं त्या घट्टपणावर. बारीक वाळू एकदा कार्ब्युरेटरमधून आत गेली की तो घट्टपणा गेला, मग महागडं फ्युएल घाला नाहीतर नवीन ग्लो प्लग टाका, काही उपयोग नाही. म्हणून फिल्टरचा फोम कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण सुकू द्या, मग एअर फिल्टर ऑइल घालून बोटांनी असं मळा की कुठेही कोरडा ठिपका राहायला नको. डब्ल्यूडी-४० स्प्रे मारू नका, ते उडून जातं आणि फोम कोरडाच राहतो. वाळूसाठी दोन थरांचा फोम घ्या आणि त्यावर धुता येणारं कापडी कव्हर. आता ज्याकडे कोणी बघत नाही ती जागा : फिल्टरची रबरी मान कार्ब्युरेटरवर बसते तिथे. तिथे ग्रीस लावून झिप टाय आवळा, फट राहिली तर वाळू फोमला वळसा घालून थेट आत जाते. घरी आल्यावर फिल्टर काढायच्या आधी बाहेरची धूळ ब्रशने झाडा, मग कानात घालायचा कापसाचा बड कार्ब्युरेटरच्या तोंडात फिरवा. कापसाला कण लागले तर ट्रक परत चालवू नका, आधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न : ऑनलाइन 'सँड किट' मिळतंय, घेऊ का?

आधी बघा त्यात काय आहे. बऱ्याचदा स्टिकर आणि रंगीत ॲल्युमिनियमच्या नावाखाली पैसे जातात. कोरड्या भुसभुशीत वाळूत मागे पॅडल टायर (वल्ह्यासारखे उभे पट्टे असलेले) खरंच कामाचे, ओहोटीच्या ओल्या घट्ट पुळणीवर गरज नाही. तुमच्या मॉडेलला कुठले बसतात ते हॉबीवाल्याला विचारूनच घ्या.

प्रश्न : वाळूत इंजिन तापतं, नीडल किती फिरवू?

वाळूत लोड जास्त म्हणून तापतं. हाय स्पीड नीडल (कार्ब्युरेटरवरचा, फ्युएल किती जावं ते ठरवणारा स्क्रू) घड्याळाच्या उलट दिशेने एक अष्टमांश वळण सोडा, एक फेरी मारा, टेम्परेचर गनने इंजिनच्या हेडचं (वरच्या भागाचं) तापमान बघा. साधारण १०५ ते १२५ डिग्री सेल्सिअस ठीक. धुराची रेघ दिसत राहिली पाहिजे. क्लच बेल (इंजिनची ताकद पुढे चाकांकडे देणारं दातेरी चाक) एका दाताने लहान केली तरी इंजिनवरचा ताण कमी होतो. तरीही तापत असेल तर ट्यूनिंग येणाऱ्या माणसाला शेजारी उभं करा, मेसेजवर नीडल जमत नाही.

प्रश्न : गार असताना सुरू होतं, गरम झालं की बंद पडतं. चार महिने असंच चाललंय.

चार महिने का थांबलात? प्लग बसवलेला ठेवून गार इंजिनचं फ्लायव्हील (इंजिनच्या दांड्यावरचं जड चाक) हाताने फिरवा, पिस्टन वर येताना अडलं पाहिजे. सरसर फिरत असेल तर पिस्टन-स्लीव्ह बहुतेक संपलेत, आजच मेकॅनिककडे न्या आणि फिल्टरसकट न्या, नाहीतर नवा सेट पण असाच जाईल.

प्रश्न : लाटांच्या कडेने चालवली तर?

नको. मिठाने बेअरिंग गंजतात आणि रिमोटचे सिग्नल घेणारा रिसीव्हर गेला तर ट्रक ताबा सोडून पळतो, तेही माणसांत. चुकून भिजलीच तर कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर झाकून गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, टँक रिकामी करा, इंजिनात आफ्टर-रन ऑइल (गंज रोखणारं तेल) घाला, बेअरिंग दुसऱ्या दिवशी तपासा.

प्रश्न : वेळासच्या किनाऱ्यावर न्यायचा विचार आहे.

नेऊ नका, तिथे ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात वाळूत अंडी घालतात. दुसऱ्या किनाऱ्यावरही आधी ग्रामपंचायतीला विचारा.